मा. ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र: रॅकवर एक किंमत, बिलावर दुसरी

मा. मंत्री महोदय,
स. न. वि. वि.

लेबलवर चुकून कमी किंमत लागली, की दुकानदाराला त्याच भावात वस्तू द्यावीच लागते, असा ग्राहकांचा ठाम समज असतो. जिथे करारविषयक कायदा इंग्लंडच्या वळणाचा आहे, तिथे हा समज बहुधा चुकीचा ठरतो. रॅकवर वस्तू मांडणे हा विक्रीचा प्रस्ताव नव्हे, ते फक्त आमंत्रण. प्रस्ताव ग्राहक काउंटरवर करतो आणि दुकानदार तो नाकारू शकतो. सेल्फ-सर्व्हिस दुकानाबाबत हे इंग्लंडमधल्या बूट्स या औषध दुकानांच्या कंपनीच्या १९५३ च्या खटल्यात ठरले; काचेमागे किमतीसह ठेवलेल्या चाकूबाबत फिशर विरुद्ध बेल खटल्यात.

ही स्थिती सरसकट उलटवा, असे आमचे म्हणणे नाही. १९३९ च्या हार्टॉग खटल्यात सशाच्या कातड्यांची सगळी बोलणी नगावर झाली होती, लेखी भाव मात्र चुकून पौंडाच्या वजनावर गेला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत, म्हणजे माल तिसऱ्या हिश्शाच्या भावात. खरेदीदाराला चूक उमगली असणारच, असे म्हणत न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. सिंगापुरात २००३ साली ३,८५४ डॉलरचा प्रिंटर वेबसाइटवर ६६ डॉलरला दिसला आणि मोजक्या लोकांनी मिळून दीड हजारांहून अधिक मागवले. तेही हरले. रास्तच झाले.

आमची तक्रार रोजच्या किरकोळ फरकाबद्दल आहे, ज्यासाठी कोणी कोर्टात जात नाही. बिलाची किंमत कॉम्प्युटरमधल्या यादीतून येते. रॅकवरचे कागदी लेबल माणूस हाताने बदलतो. यादी एका क्षणात बदलते, लेबले बदलायला तास लागतात. ऑफर संपते पण तिची पट्टी तशीच राहते. ऑफर सुरू होते पण यादीत चढतच नाही. मोठ्या पाकिटाखाली लहान पाकिटाचे लेबल सरकते. यातल्या पहिल्या दोन चुका दर वेळी दुकानाच्याच पथ्यावर पडतात, हे ध्यानात घ्यावे. ‘नजरचूक’ म्हणून त्या सोडून देणे म्हणूनच पटत नाही.

ऑस्ट्रेलियात एकाच वस्तूवर दोन किमती दिसत असतील, तर कमी किमतीला विकावी लागते, नाहीतर किंमत दुरुस्त होईपर्यंत ती विक्रीतून काढावी लागते. दुकानदाराला सुटकेची वाट आहे, पण ग्राहक काउंटरवर उभा असताना जास्त पैसे मागण्याची नाही. हा नियम जसाच्या तसा घ्यावा. सोबत अमेरिकेतल्या मिशिगन राज्याची तरतूद जोडावी: लावलेल्या किमतीपेक्षा बिल जास्त झाले, तर फरक परत आणि वर फरकाच्या दहापट, किमान १ व कमाल ५ डॉलर. ग्राहकाने ३० दिवसांत कळवायचे, दुकानाने दोन दिवसांत द्यायचे. रक्कम क्षुल्लक आहे, पण ती काउंटरवरच मिटते. वकील लागत नाही.

पैसे घेऊन बिल दिल्यावर मात्र ‘किंमत चुकली होती’ म्हणून वस्तू परत मागता येऊ नये. अपवाद फक्त कोणाच्याही लक्षात येईल अशा ढोबळ चुकीचा. ऑनलाइन दुकाने ‘माल पाठवल्यावरच करार’ असे अटींत लिहून मोकळी होतात. त्यांनी ऑर्डर रद्द करताना कारण लेखी द्यावे आणि पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने लगेच परत करावेत.

तपासणीची पद्धत नव्याने शोधायला नको. अमेरिकेत निरीक्षक रॅकवरून ठरावीक नग उचलून स्कॅन करतात. ९८ टक्के किमती जुळाव्यात, हा निकष. आपल्या निरीक्षकांनी जास्त आकारलेल्या आणि कमी आकारलेल्या चुका वेगळ्या मोजाव्यात, आणि ऑफरच्या वस्तू नमुन्यात मुद्दाम जास्त घ्याव्यात.

पुराव्याचा नमुनाही खात्याने जाहीर करावा. फोटोत वस्तूचे नाव, वजन, बारकोडचे आकडे आणि ऑफरची शेवटची तारीख एकत्र दिसायला हवी. नुसत्या किमतीचा फोटो दाखवला, तर ‘ते शेजारच्या वस्तूचे लेबल आहे’ म्हणून ग्राहकाची बोळवण होते.

आपले,
ग्राहक तक्रारींचे काम पाहणारे कार्यकर्ते