मिस्त्री मामा, बुलेट चालू झाली त्याबद्दल

मामा, सप्रेम नमस्कार.

गावभागातल्या परड्यातून उचलून आणलेली १९७८ ची बुलेट परवा तासगावपर्यंत जाऊन परत आली. बारीक चालीवर ठोके मोजता येतील इतकी शांत चालते. ठरलेल्या मजुरीवर तुम्ही एक रुपया जास्त घेतला नाहीत, तेव्हा निदान पत्र तरी लिहू म्हटलं. ते सगळ्यांपुढे लिहितोय, कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली तेव्हा बुडालेल्या जुन्या गाड्या सांगलीत अजून कितीतरी परड्यांत उभ्या आहेत. आज ना उद्या कुणीतरी हौसेने त्या विकत घेईल आणि घेतल्या घेतल्या किक मारून बघेल.

तुम्ही पहिल्या दिवशी गाडीला हात लावलात तो किकचा दांडा काढण्यासाठी. दांडा फळीवर ठेवलात आणि म्हणालात, "आधी तेल, मग ठिणगी, मग पेट्रोल. तोवर हा इथंच." आमचे तीन महिने वाचले ते या एका गोष्टीमुळे, आणि खरे आभार त्याचेच आहेत.

पुराच्या पाण्यात गाळ असतो, आणि तो कुठे जाऊन बसतो हे वरून कळत नाही. प्राइमरी चेनचं (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या साखळीचं) कव्हर फूटरेस्टमागच्या एका नटावर असतं. तो सोडल्यावर आत चॉकलेटी चिखलाचा थर निघाला. वीज बनवणारा अल्टरनेटरही त्याच कव्हरात, म्हणजे स्टेटरची तांब्याची गुंडाळी आणि क्लचच्या प्लेटा दोन्ही चिखलात. क्रँककेसखालचे (इंजिनाच्या खालच्या घराचे) तेल उतरवायचे दोन्ही प्लग काढले तर आधी पाणी आलं, मग दुधी रंगाचं तेल, आणि शेवटी बोटावर चोळला की खरखरणारा गाळ. तेव्हाच तुम्ही सांगितलंत की नुसतं फ्लशिंग करून भागणार नाही, इंजिन दोन भागांत उघडावं लागणार. स्टँडर्ड बुलेटच्या बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँकपिनवर फिरणाऱ्या खालच्या टोकाला, रोलर नसतात, तरंगता बुश असतो. तो तेलाच्या पातळ पडद्यावर फिरतो. त्या पडद्यात गाळाचा कण गेला की तो बुशच्या मऊ थरात रुततो आणि क्रँकपिन खात राहतो. जाम पिस्टन डिझेल ओतून सुटला असता, दहा-बारा किकांत गाडी चालूही झाली असती, आणि पन्नास किलोमीटरच्या आत कनेक्टिंग रॉडने आवाज केला असता.

पिस्टन सोडवतानाही घाई नव्हती. स्पार्क प्लगच्या भोकातून निम्मं डिझेल, निम्मं गिअरचं पातळ तेल असं मिश्रण सोडलं, चार दिवस ठेवलं, रोज थोडी भर घातली. पाचव्या दिवशी टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने मागेपुढे हलवलं. हातोडा कुठेच नाही. बॅरल निघाल्यावर बोअरमध्ये (पिस्टन फिरतो त्या भोकात) रिंगांच्या जागी गंजाचे दोन पट्टे दिसले, नखाला लागतील इतके खोल. मूळ बोअर ७० मिमी. मिरजेच्या लेथवर पाठवताना तुम्ही नवा पिस्टन सोबत दिलात आणि बजावलंत, की पिस्टन हातात घेऊन, त्याचं माप धरून बोअर करायचं, नुसतं "पहिल्या ओव्हरसाइझला कर" असं सांगायचं नाही. बोअर २० थाऊने (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवली, म्हणजे ७०.५ मिमी. रिंगांचं तोंड, म्हणजे दोन टोकांमधली फट, तपासताना रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या डोक्याने सरळ खाली ढकलली, म्हणजे ती तिरकी बसत नाही, आणि मग फिलर गेज घातलं. बोअरच्या दर इंचाला चार थाऊ या हिशेबाने ११ थाऊ, म्हणजे ०.२८ मिमी येतं. आपलं ०.३० आलं. क्रँक नवा रॉड, पिन आणि बुश घालून प्रेस केला आणि दोन सेंटरच्या मध्ये धरून डायलखाली दोन थाऊच्या आत आणला.

आता तेल. यावर जरा जास्त लिहितो, कारण बुलेट मरते ती इथे.

टायमिंग कव्हरमध्ये दोन छोटे पंप. एक तेल पाठवतो, दुसरा परत आणतो, आणि परतीच्या पंपाची क्षमता जास्त असते. दोघांच्या चकत्या स्प्रिंगने दाबून बसवलेल्या. चकतीवर गाळाचा ओरखडा पडला की पंप फिरतो पण तेल नीट उचलत नाही. शिवाय गाडी आठवडाभर उभी राहिली की तेलाच्या टाकीतलं तेल हळूहळू झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. मग किक जड लागते आणि चालू केल्यावर सायलेन्सरमधून पांढऱ्या-निळ्या धुराचा लोट येतो. लोक म्हणतात रिंगा गेल्या, आणि धडधाकट बोअरला पैसे घालतात. आधी खालचा प्लग काढून तेल उतरवून बघावं. आपल्या चकत्या तुम्ही काचेच्या तुकड्यावर बारीक पेस्ट लावून इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फिरवत घासल्यात, सगळीकडे एकसारखा राखाडी रंग येईपर्यंत.

पंप चालवणारा वर्म नट क्रँकच्या टोकाला असतो, आणि त्याचे आटे उलटे असतात. आपल्या नटावर छिन्नीच्या खुणा होत्या, म्हणजे आधी कुणीतरी तो सुलट्या आट्याचा समजून जोर लावलेला. जुना नट डब्यात ठेवलाय, दुसऱ्यांना दाखवायला.

आणि तो बूच. टायमिंग कव्हरच्या आतल्या बाजूला बोटाच्या पेराएवढं बुचाचं सील असतं. पंपाचं तेल त्यातून क्रँकमध्ये आणि तिथून बिग एंडला जातं. दहा-वीस रुपयांची वस्तू. आपल्या गाडीतलं सुकून कडक झालेलं, कडेला तुकडा उडालेला. सगळं तेल तिथूनच बाहेर सांडलं असतं, तेलाची टाकी भरलेली असती आणि बिग एंड कोरडा. नवं बूच तुम्ही रात्रभर तेलात भिजत घातलंत. बसवल्यावर कव्हर गॅस्केटसकट नुसतं टेकवून हाताने दाबलंत आणि आम्हाला दाबायला सांगितलंत. आतून बूच मागे ढकलतंय हे तळहाताला जाणवलं. "एवढी उसळी पाहिजे. नसली तर बूच बदल." हे पुस्तकात वाचून कळलं नसतं.

फेल्टचा फिल्टर नवा घातला, त्याची स्प्रिंग आणि वॉशर काढलेल्या क्रमानेच परत. फिल्टरची खोली आधी तेलाने भरून घेतली. २०डब्ल्यू५० साधं मिनरल तेल दोन लिटर ओतलं, उरलेलं डिपस्टिक बघून. मग स्पार्क प्लग काढून, डीकॉम्प (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर) दाबून तुम्ही तेवढ्यापुरता किकचा दांडा लावलात. रॉकरला (हेडवरच्या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना) तेल नेणाऱ्या पाइपचा बोल्ट वर ढिला केलेला. आम्ही पाळीपाळीने किक ढकलत राहिलो, आणि बोल्टाच्या वॉशरखालून तेल पाझरायला लागल्यावर तुम्ही थांबा म्हणालात. दांडा परत फळीवर.

ठिणगीचं काम त्यामानाने सोपं. कंडेन्सर नवा, पॉइंट (उघडले की ठिणगी पडते ते संपर्क) नवे, त्यांची फट ०.३५ ते ०.४० मिमी. जुना कंडेन्सर चालतोय म्हणून ठेवायचा नाही. तो गरम झाल्यावर दगा देतो, आणि दहा किलोमीटरवर बंद पडलेली गाडी थंड झाली की पुन्हा चालू होते, त्यामुळे दोष सापडत नाही. टायमिंग कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात, पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी अलीकडे असताना पॉइंट उघडायला लागतील असं. प्लगचं भोक तिरकं, त्यामुळे त्यातून स्पोक घालून माप घेतलं तर चुकतं. हेड बसवण्याआधीच पिस्टनवर डायल लावून तुम्ही अल्टरनेटरच्या मॅग्नेटवर खूण करून ठेवली होतीत. उघडण्याचा क्षण पकडायला सिगारेटच्या पाकिटावरचा पातळ पारदर्शक कागद पॉइंटमध्ये धरला. पॉइंट ज्यात बसतात तो डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवला आणि कागद सुटला तिथे आवळला. टायमिंग जास्त पुढे गेलं तर किक उलटी येते आणि घोटा सुजतो, मागे राहिलं तर गाडी तापते आणि ओढत नाही.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनवर लावायची. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरावा, पण वरखाली अजिबात हलू नये. फिलर गेज इथे लागत नाही.

सहा व्होल्टचं वायरिंग उंदरांनी आणि पुराने मिळून संपवलेलं होतं, म्हणून बारा व्होल्ट केलं: स्टेटर, रेग्युलेटर, कॉइल, बॅटरी, हॉर्न, सगळे बल्ब. यातलं एकही सहाचं राहिलं तर उडतं. रोटर आणि स्टेटरमध्ये चौफेर आठ थाऊचं फिलर गेज फिरवून घेतलं. ते कुठे अडलं तर रोटर घासणार. हेडलाइटला मोठ्या वॅटचा बल्ब तुम्ही घालू दिला नाहीत, ३५ वॅटचा घातलात. मोठा बल्ब रात्री बॅटरीच खातो.

पेट्रोलकडे शेवटी वळलो. टाकीत तळाला गंज आणि गाळ. नळ काढून भोक बंद केलं, अर्धा किलो छोटे नट आणि धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी घालून टाकी गोधडीत गुंडाळून हलवली. मग पातळ फॉस्फरिक अॅसिड, मग खायच्या सोड्याचं पाणी, मग लगेच वाळवून आत पेट्रोल-ऑइलचा हात. वाळवायला उशीर झाला तर संध्याकाळपर्यंत पिवळा गंज परत येतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुना रबरी पाइप फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पाइप आणि नळाची वॉशरं त्याला टिकणारी घातली. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करायची, हेही तुम्ही सांगितलंत. मिक्कार्ब कार्ब्युरेटरची सुई मधल्या खाचेत, हवेचा स्क्रू पूर्ण आवळून दीड फेरा बाहेर. हा स्क्रू हवेचा असतो, बाहेर घेतला की मिश्रण पातळ होतं. बरेच जण उलटं समजतात.

आणि मग तुम्ही दांडा फळीवरून उतरवलात. चावी फिरवली, अँपिअर मीटरचा काटा डिस्चार्जकडे झुकला. हळूहळू किक दाबत काटा मध्यावर आला, म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन वर आला. डीकॉम्प दाबून दांडा किंचित पुढे, डीकॉम्प सोडला, दांडा पूर्ण वर घेतला आणि एक लांब किक. तिसऱ्या किकेला लागली.

सजावटीबद्दल आमचे आणि तुमचे थोडे खटके उडाले, पण आज तुमचंच बरोबर वाटतं. फ्रेमला ग्राइंडर लावायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, जे लावू ते चार बोल्ट काढून मूळपदावर येईल असंच. एकट्याचं सीट मूळ सीटच्याच बोल्टांवर बसलं. हँडल खालचं घेतलं तेव्हा क्लच आणि पुढच्या ब्रेकच्या केबली लांब पडायला लागल्या, म्हणून त्या नव्या करून घेतल्या. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून इंजिनची चाल वाढत नाही ना, हे बघितलं. हेडलाइटशेजारचे दोन छोटे दिवे, बुलेटचे डोळे, ते मात्र आहेत तसेच. पावडर कोटिंगला फ्रेम देताना आट्यांत बोल्ट आणि स्टेअरिंगच्या कपांवर टेप, शिवाय चासी नंबर झाकला. नंबर कोटिंगखाली बुजला की आरटीओत अडतं.

मोकळा सायलेन्सर तुम्ही साफ नाकारलात. त्याने दंड होतोच, शिवाय मिश्रण पातळ पडतं आणि कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) वाढवावा लागतो. टाकीवरच्या सोनेरी रेघा उसाच्या ट्रॉल्यांवर नावं रंगवणाऱ्या पेंटरकडून लांब केसांच्या ब्रशने ओढून घेतल्या. एका जागी रेघ केसभर जाड झालीय. ती तशीच राहू दे, हातची आहे.

कागदांचं थोडक्यात. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, मुदत वाढवायला फॉर्म २५. रंग बदलला तर आरसीवर नोंद. "विंटेज" म्हणून वेगळी नोंदणी २०२१ च्या नियमाने ५० वर्षांवरच्या गाडीलाच मिळते, त्यामुळे १९७८ ची अजून साधीच.

पहिल्या गरम-थंड फेऱ्यानंतर हेडचे नट तुम्ही सांगितल्याप्रमाणे थंड इंजिनवर पुन्हा आवळले, दोन नट पाव फेरा गेले. सध्या ताशी ४०-५० च्या वर नेत नाही, एकाच चालीवरही धरत नाही. तासगावहून आल्यावर मीटर ३१० किलोमीटरवर आहे. ५०० झाले की तेल उतरवून काचेच्या बरणीत भरतो, तळाला काय बसतं ते बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी बरणी तुमच्याकडे घेऊन येतो.

तुमचे,
बुलेटवाले भाचे, सांगली