आईला कानडी कळतं

लेस्टर, इंग्लंड
१८ जानेवारी

सौ. वहिनींना सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्हाला मोकळं बोलता येत नाही. आई शेजारीच कॉटवर असते, तुम्ही नुसतं "हूं, हूं" करता आणि मी इकडून भराभरा बोलून घेते. फोन ठेवल्यावर वाटतं, यातलं निम्मंही तुमच्यापर्यंत पोचलं नसेल. म्हणून आज बसून लिहिते आहे. दादाच्या व्हॉट्सॲपवर पाठवते. तुम्ही निवांत वाचा आणि जमलं तर प्रिंट काढून आईच्या फायलीत ठेवा, कारण डॉक्टरांना विचारायच्या दोन-तीन गोष्टी यात आहेत.

आधी आईच्या फुफ्फुसातल्या गाठीच्या बायोप्सीचं, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्याच्या रिपोर्टचं. दादाने मामांना "कॅन्सर निघाला नाही" असं सांगून टाकलं. त्याचा जीव किती टांगणीला लागला होता ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्याला काही बोलले नाही. पण वहिनी, रिपोर्ट तसं म्हणत नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोतल्या शेवटच्या दोन ओळींचा अर्थ एवढाच आहे, की मिळालेल्या तुकड्यात मेलेल्या पेशी आणि सूज दिसते, त्यावरून निदान करता येत नाही, पुन्हा नमुना पाठवा. त्या रात्री तुम्ही विचारलंत, "मग हे चांगलं की वाईट?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देते. चांगलं नाही आणि वाईटही नाही. त्या तुकड्याने अजून काही सांगितलेलंच नाही.

मी लॅबमध्ये नेमकं काय करते हे तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही, आता सांगते. सुईने काढलेला तुकडा शेवईच्या काडीएवढा असतो, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर लांब. तो फॉर्मॅलिनच्या डबीतून आमच्याकडे येतो. रात्रभर यंत्रात त्यातलं पाणी निघून जागी मेण भरतं. सकाळी मेणाची छोटी वडी तयार होते, तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्या वडीच्या मी चकत्या काढते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन-चार, इतक्या पातळ. त्या काचेवर घेऊन गुलाबी-जांभळ्या रंगात बुडवायच्या, मग डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघतात. शंका राहिली की त्याच वडीच्या आणखी चकत्या, वेगळे रंग, आणखी काही दिवस. तिकडे काउंटरवर "आठ-दहा दिवस लागतील" म्हणतात ते टाळायला म्हणत नाहीत. तेवढा वेळ खरंच लागतो.

नऊ वर्षं मी हे काम करते आहे. डबीवर नंबर असतो, वय असतं, कुठला अवयव ते लिहिलेलं असतं. परवा साठीतल्या एका बाईच्या फुफ्फुसाचा तुकडा आला आणि माझा हात थांबला. शेजारच्या मुलीला ते कापायला दिलं आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले. इतकी वर्षं त्या नंबरामागच्या घरात कुणीतरी तुमच्यासारखं फोन घेऊन बसलेलं असेल, हे मला माहीत होतं, पण कळलं नव्हतं.

आता आईच्या गाठीचं. सीटीत ती आवळ्याएवढी दिसते. अशा गाठीच्या मधोमध बऱ्याचदा पेशी मेलेल्या असतात आणि जिवंत पेशी कडेला असतात. सुई मध्यात गेली तर हाती मेलेलंच येतं. आणि टीबीची गाठही मधून अशीच मेलेली असते. म्हणून डॉक्टर पुन्हा तुकडा घ्यायचं म्हणताहेत. दादाला वाटतं पैसे काढायला सांगताहेत. तसं नाही. मी तिथे असते तर मीही हेच मागितलं असतं.

एक गोष्ट मात्र नक्की विचारा. या वेळी तुकडा घेतला की सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, थोडा भाग सलाईनमध्ये ठेवून टीबीच्या तपासणीला पाठवा, असं तुकडा घ्यायच्या आधी सांगा. फॉर्मॅलिनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग ते वाढवून बघता येत नाहीत. मागच्या वेळी सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्येच गेला, रिपोर्टवर तसं लिहिलंय. जंतू वाढवून बघायला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात, पण यंत्रावरची टीबीची तपासणी लवकर होते. दोन्ही लिहून द्यायला सांगा. तुम्ही घाबरत विचारू नका. हे विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे, चांगल्या डॉक्टरला असं विचारलेलं आवडतं.

टीबीच्या गोळ्यांवरून दादा अजून चिडलेला आहे. मलाही राग आहे. थुंकीत काही सापडलं नाही तरी दोन महिने गोळ्या दिल्या, आईचं वजन ५२ वरून ४६ वर आलं आणि दुसऱ्या एक्स-रेत डाग तसाच. पण जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. छातीत डाग दिसला की आधी टीबी मनात येणं चुकीचं नाही. चूक झाली ती पुढे, फरक पडत नाही हे दिसल्यावरही महिनाभर कुणी "आता सीटी करा" म्हणालं नाही तिथे. ते दोन महिने आता परत येत नाहीत. दादाला म्हणावं, तिकडे जाऊन भांडण्यापेक्षा त्या गोळ्यांचे कागद, बेळगावच्या सीटीची सीडी आणि दोन्ही एक्स-रे एकाच पिशवीत ठेव. पुढे कुठेही गेलो तरी तेच लागणार आहे. बायोप्सीचा ब्लॉक आणि काचाही मागितल्यावर मिळतात. मुंबईला टाटात दुसरं मत घ्यायची वेळ आली तर ते तोच ब्लॉक बघतील, आईला पुन्हा टोचावं लागेलच असं नाही.

वहिनी, आता जे लिहिते आहे त्यासाठीच खरं तर हे पत्र.

गुरुवारी तुम्ही दूध आणायला खाली गेला होतात, तेव्हा फोन आईने घेतला. आवाज बारीक करून म्हणाली, "पोरी, माझ्या छातीत गंट हाय." मी गप्प. "बेळगावात त्या मशिनीत घातलं तवा ती दोघं पोरं आपापसात कानडीत बोलत हुती. त्यास्नी वाटलं म्हातारीला काय कळतंय. तीस वर्सं तंबाखूच्या वखारीत कानडी बायकांच्यात बसलोय मी." गंटु म्हणजे गाठ. मग म्हणाली, "तुझी वैनी रोज सांगत्या, साधा कफ हाय म्हनून. तिला वाईट वाटंल म्हनून मीबी व्हय म्हनतो."

तुम्ही गडहिंग्लजच्या, तुम्हाला कानडी येत नाही, आणि दादा लहानपणापासून कोल्हापुरात मामांकडे शिकला. त्यामुळे आईला कानडी येतं हे आपण घरातलेच विसरून जातो. आपल्याशी ती कधी बोलत नाही ना. पण कर्नाटकातल्या आपल्या गावात बाजार, बस, तलाठी, सगळीकडे तिने कानडीतच निभावलंय. तिच्यापासून लपवायला आपल्याकडे भाषाच उरलेली नाही.

तुम्ही तिच्यासाठी लपवताय आणि ती तुमच्यासाठी. गेला महिनाभर एका खोलीत दोघी एकमेकींना सांभाळताय आणि दोघीही रात्री जाग्या. मला हे सहन होत नाही. म्हणून विनंती करते, तिला खरं सांगा. कॅन्सर आहे असं सांगू नका, कारण ते कुणालाच माहीत नाही. नाही असंही सांगू नका, त्याच कारणाने. एवढंच म्हणा: "आई, गाठ आहे. कशाची ते अजून कळलं नाही. पुन्हा तपासायचंय. कळलं की पहिल्यांदा तुम्हाला सांगू." ती घाबरेल असं दादाला वाटतं. वाटणं साहजिक आहे. पण ती आधीच घाबरलेली आहे, फक्त एकटी आहे.

शेजारच्या काकूंनी "बिड्या वळून झालं" असं आईच्या तोंडावर म्हटलं, ते ऐकून मी दोन दिवस नीट जेवले नाही. आईने बिडी कधी ओठाला लावली नाही. वखारीतला तंबाखूचा ठसका आणणारा खाट होता, चुलीचा धूर होता, मिशेरी होती. काही झालं असेल तर ते यातल्या कशाने, की कशानेच नाही, हे कोणी सांगू शकत नाही. धूम्रपान न करणाऱ्यांनाही फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, आणि आपल्याकडच्या बायकांत तर अशा बऱ्याच असतात. काकूंना काही बोलू नका. पण आईला तेवढं सांगा, की यात तिचा काही दोष नाही. ते तिला तुमच्या तोंडून ऐकायला हवं.

मला अजून आठवतं, वखारीतून आली की ती आधी परड्यात पदर झटकायची, आणि तरी तिच्या कुशीत शिरलं की मला ठसका लागायचा. रात्री सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची. पानं भिजवून ठेवायचं काम माझं, कट्टे बांधायचं आजीचं. माझी बी.एस्सी.ची फी, पुढे या कोर्सचे पैसे, सगळं त्या सुपातून निघालं. आज मी ज्या कामाच्या जोरावर तिचा रिपोर्ट वाचते आहे ते काम तिने मला दिलंय. हे तिला मी कधी सांगितलं नाही. आल्यावर सांगणार आहे.

हॉस्पिटलात वाट बघत बसावं लागेल तेव्हा तिला १९८१ च्या तंबाखू आंदोलनाचं विचारा. शेतकरी निपाणीला हायवेवर ठाण मांडून बसले होते, आई नवी नवरी होती, आणि आजीने थापलेल्या भाकरी पाटीतून नेऊन द्यायची. गोळीबार झाला, माणसं गेली. ती त्याबद्दल तासभर बोलते, आणि बोलते तेव्हा खोकलाही विसरते.

पैशांचं सगळ्यात शेवटी बघू, पण दादाने एक चौकशी करावी. आईचं रेशनकार्ड कर्नाटकाचं आहे, बीपीएलचं, त्यावर 'आरोग्य कर्नाटक' योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार होतात. आता आपण तिला कोल्हापुरात आणलंय. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, आणि आपलं गाव त्यात आहे. कागद काय लागतात ते हॉस्पिटलात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला आणि गावाकडे एकीकरण समितीच्या माणसांना विचारा. तोवर तपासणीचा सगळा खर्च मी पाठवते. यावर दादाने एक शब्दही बोलू नये.

तुकडा घेतल्यावर त्याच दिवशी गावाकडे न्यायचा हट्ट आई करेल. तंबाखूची काढणी आलीय, घर बंद आहे, तिला चैन पडणार नाही. निपाणी ४० किलोमीटरच असली तरी दोन दिवस नेऊ नका. सुई फुफ्फुसाला लागली तर आत हवा साचू शकते, म्हणून काही तासांनी पुन्हा एक्स-रे काढतात. तो काढल्याशिवाय हलू नका. थुंकीत थोडं रक्त आलं तर घाबरायचं नाही, पण धाप लागली किंवा छातीत एकदम कळ आली तर रात्र असली तरी जायचं. आणि ती रक्त पातळ करायची गोळी घेते हे डॉक्टरांना आधी सांगा. कधी बंद करायची ते तेच सांगतील, आपण आपल्या मनाने बंद करायची नाही.

त्याआधी मंगळवारी पेट स्कॅन. त्याचा निकाल आल्यावर दादा पुन्हा सगळ्यांना फोन लावेल, त्याला आधीच सांगून ठेवा: स्कॅनमध्ये गाठ उजळली म्हणजे कॅन्सरच असं नाही. टीबीची गाठही उजळते. दुसरा तुकडा कुठून घ्यायचा आणि आणखी कुठे काही आहे का, हे बघायला तो स्कॅन आहे.

मी ५ फेब्रुवारीपासून तीन आठवड्यांची रजा टाकली आहे. तिकीट काढलंय. रिपोर्ट काहीही येऊ दे, मी येणार. तेव्हा तुम्ही चार दिवस माहेरी जाऊन या. नाही म्हणू नका. दिवाळीपासून तुम्ही एक रात्र सलग झोपलेल्या नाही, हे मला दादाने नाही, आईने सांगितलं.

मंगळवारी सकाळी सहाला फोन करते, इथे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील, मी जागीच असेन. स्कॅनच्या सहा तास आधीपासून खायचं नाही, चहासुद्धा नाही, नुसतं पाणी चालेल. थोडे किरण सोडणारं साखरेचं औषध शिरेतून दिल्यावर तासभर एका खोलीत पडून राहायचं असतं, बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि नातेवाइकांना आत सोडत नाहीत. घरी आल्यावर रात्रीपर्यंत छोटीला तिच्या मांडीवर देऊ नका. अंगात थंडी भरू नये म्हणून तिची वाकळ बरोबर न्या, आत नेऊ देतात का ते विचारा. आणि त्या तासाबद्दल तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, का एकटं ठेवतात, का बोलायचं नाही, सगळं. नाहीतर ती त्या खोलीत पडून बाहेरच्यांचं बोलणं ऐकत राहील.

छोटीला पापा. दादाला नमस्कार.

तुमची,
ताई