मुलाची तपासणी कोणत्या भाषेत झाली, ते विचारा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नववीची बोर्ड नोंदणी जवळ आली की शाळांमधून निरोप जातात, "मुलाचा आयक्यू काढून आणा, सर्टिफिकेट लावा." पालक शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मुलाला कुठेतरी घेऊन जातात. तासाभरात एक पानी कागद हातात येतो. त्यावर एक आकडा, खाली 'अध्ययन अक्षमता' (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण) किंवा 'एडीएचडी' (लक्ष न लागणं, अतिचंचलता) असा शेरा आणि शिक्का. अशा कागदाचा बोर्डाला उपयोग नसतो, मुलाला तर नाहीच. इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथल्या ज्या घरांत घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी चालते, त्यांची तर यात दुहेरी फसगत होते. म्हणून चार गोष्टी लिहिते.

कोणतीही मानसशास्त्रीय चाचणी करण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. ऐकण्याच्या तपासणीसाठी लहान मुलांना बेरा किंवा ओएई, जरा मोठ्या मुलांना ऑडिओमेट्री. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं असलं की मुलाला एका आठवड्यात नीट ऐकू येतं, दुसऱ्या आठवड्यात येत नाही, आणि वर्गात ते 'लक्षच देत नाही' ठरतं. रात्री घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल दिवसा पेंगतं किंवा चिडचिडं होतं. त्याला आधी कान-नाक-घसावाल्यांकडे न्यावं. बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहणारं आणि हात लावला तरी भानावर न येणारं मूल मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. तशी शंका नसताना एडीएचडीसाठी ईईजी किंवा एमआरआय काढण्यात अर्थ नाही. ते निदान रक्तात किंवा स्कॅनमध्ये दिसत नाही.

आता भाषा. आपल्याकडे अजून सर्रास वापरली जाणारी मालिन यांची बुद्धिमापन चाचणी (मिसिक) १९६९ सालची, ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठीची. ती नागपुरात तयार झाली आणि हिंदी, मराठी, इंग्रजी तिन्हींत आहे. बिने-कामत चाचणी त्याहून जुनी, १९३४ ची, आणि ती मुळात मराठी व कन्नड मुलांसाठीच बेतलेली. म्हणजे मराठीतून तपासण्याची सोय नाही असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. (जुने निकष वापरले की आजच्या मुलाचा आकडा थोडा फुगून येतो, हेही तपासणाऱ्याने सांगायला हवं. कोणी सांगत नाही.) या चाचण्यांचा एक भाग शब्दांवर चालतो आणि दुसरा हातांनी करायचा असतो. घरी आजीशी मराठीत बोलणाऱ्या मुलाला शब्दांचे अर्थ इंग्रजीतून विचारले, तोंडी गणितं इंग्रजीतून घातली, तर शाब्दिक भागात ८२ आणि कृतीच्या भागात ११२ येऊ शकतात. मिसिकमध्ये या दोहोंची सरासरी, म्हणजे ९७, कागदावर उतरते आणि तीस गुणांची दरी दिसेनाशी होते. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठीच्या, २०२४ पर्यंत लागू असलेल्या २०१८ च्या केंद्रीय सूचनांमध्ये बुद्ध्यांक ८५ च्या वर असण्याची अट होती. कोणी तो शाब्दिक ८२ च मुलाचा बुद्ध्यांक म्हणून धरला, तर केवळ भाषेच्या गफलतीने ते मूल दारातूनच परत पाठवलं जाई.

वाचन-लेखन मात्र ज्या भाषेत शिकवलं गेलं त्याच भाषेत तपासायचं. मराठी घरातलं मूल हिंदी आणि इंग्रजीत शिकत असेल, तर सूचना मराठीत द्या, उतारा हिंदी आणि इंग्रजी असे दोन्ही घ्या. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' ही पहिली ते पाचवीसाठीची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. देवनागरीत उच्चार आणि अक्षर यांचा मेळ बराच पक्का असल्यामुळे अडचण असलेलं मूलसुद्धा पुष्कळदा बरोबर वाचतं, पण फार हळू. नुसत्या चुका मोजून ते हाती लागत नाही. मिनिटाला किती शब्द वाचले ते मोजावं लागतं. फक्त इंग्रजी अडत असेल आणि हिंदी सफाईने चालत असेल, तर आधी शिकवण्याकडे बघावं. गेल्या जूनमध्येच माध्यम बदललेल्या मुलाला तर लगेच शिक्का मारूच नये. नेमून दिलेली मदत करूनही अडचण किमान सहा महिने टिकली पाहिजे, असं निदानाचा निकषच सांगतो.

मुलाच्या वह्या सोबत न्या. नव्या, सुवाच्य लिहून काढलेल्या नव्हे. श्रुतलेखनाच्या, लाल शाईने भरलेल्या. एखादं मूल हिंदीच्या वहीत 'शक्ती', 'कवी', 'गुरू' असं दीर्घ लिहितं आणि बाई ते कापतात. ही अक्षमता नाही. घरी मराठी वाचायला शिकल्याची खूण आहे, कारण मराठीत ते तसंच लिहितात. 'कमल'च्या जागी 'कमळ' लिहिणंही त्यातलंच. पण 'प्रकाश'चं 'पकाश', 'स्कूल'चं 'सकुल', 'मंदिर'चं 'मदिर' होत असेल, घ-ध आणि भ-म यांची अदलाबदल चौथीतही सुटत नसेल, आणि तोच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला असेल, तर तिथे थांबून पाहायला हवं. हा फरक वही पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि वही मागणारे तपासनीस कमीच. पाढ्यांचंही तसंच. मुलाने पहाडे हिंदीत पाठ केलेले असतील तर ते हिंदीतच म्हणून घ्यावेत.

लक्ष न लागण्याच्या निदानात सगळ्यात मोठी चूक होते ती एकाच खोलीत निकाल लावण्याची. शांत खोली, समोर एक मोठा माणूस, रंगीत ठोकळे, नवी माणसं. अशा ठिकाणी एडीएचडी असलेलं मूलही चाळीस मिनिटं छान बसतं. मोबाइलवर तासभर रमतं, म्हणून लक्ष आहे असंही होत नाही. निकष सांगतात की नऊपैकी किमान सहा लक्षणं (१७ वर्षांपासून पुढे पाच), किमान सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली, आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसणारी असावीत. त्यामुळे शाळेचा फॉर्म (प्रत्येक लक्षणाला शून्य ते तीन गुण देण्याचा) आल्याशिवाय निदान होत नाही. तो फॉर्म मुलाला किमान दोन-तीन महिने शिकवलेल्या बाईंनी भरावा, आणि पाकीट बंद करून थेट तपासणाऱ्याकडे द्यावा. सगळे शून्य किंवा सगळे तीन भरलेला फॉर्म सरळ परत करावा. वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुली या सगळ्यातून निसटतात, कारण त्यांचा कोणाला त्रास नसतो.

स्वमग्नतेबाबत (ऑटिझम) एकच पण कळकळीचं: "घरात दोन-तीन भाषा आहेत म्हणून बोलत नाही, मराठी बंद करा" हा सल्ला पाळू नका. एकाहून जास्त भाषांमुळे स्वमग्नता होतही नाही, वाढतही नाही. आजीचं बोलणं तेवढं बंद होतं. १६ ते ३० महिन्यांसाठीच्या एम-चॅट या वीस प्रश्नांच्या यादीत ३ ते ७ गुण आले तर पुढचे प्रश्न विचारून खातरजमा करायची, ८ किंवा जास्त आले तर थेट तपासणीला पाठवायचं. झेरॉक्सवर भरताना लोक २, ५ आणि १२ या प्रश्नांत फसतात; त्यांत 'हो' हे उत्तर काळजीचं, इतरांत 'नाही'. प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या इसा या स्वमग्नतेच्या मापनात ४० बाबी, प्रत्येकी १ ते ५ गुण. ७० पासून स्वमग्नता धरतात. हे गुण नुसतं आईला पंधरा मिनिटं प्रश्न विचारून भरायचे नसतात, मूल समोर खेळताना बघून भरायचे असतात.

तपासणी दोन-तीन बैठकींत, सकाळी, खाऊन-पिऊन व्हावी. आधीचा अहवाल लपवू नका: तीच चाचणी महिन्याभरात दुसरीकडे झाली तर सरावामुळे आकडा वर जातो. अहवालात चाचणीचं पूर्ण नाव, भाषा, तपासणीच्या दिवशीचं अचूक वय, प्रत्येक उपचाचणीचे गुण, मूल कसं वागलं, आणि शाळेने नेमकं काय करायचं हे हवं. खाली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक हवा. तो परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो, आणि पालकांनी तो जरूर पडताळावा. यात संकोच कसला?

खासगी अहवाल म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एकटी एडीएचडी नाही. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून शासकीय वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. २०१८ च्या सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत मिळत नव्हतं, आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होत असे. तेव्हा नववीपर्यंत थांबू नका, तिसरीतच सुरुवात करा. सीबीएसईत दर तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळतो. पण लेखनिकाला उत्तर सांगून लिहून घेणं, त्यातही भूमितीची आकृती नि समीकरण तोंडी सांगणं, हे सरावाने येतं. तो सराव शाळांनी आठवीच्या घटक चाचण्यांपासूनच करून घ्यावा.

आपली,
एक विशेष शिक्षिका
लोकमान्य नगर, इंदूर