जागा सोडून सगळं सांगतात

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "दर शनिवारी पहाटे तळ्यावर जाऊन करतेस तरी काय?" मी "मासे धरते" म्हणाले आणि मागून आईचं हसू ऐकू आलं. मग मी विषय बदलला. खरं सांगायचं तर गेल्या सहा महिन्यांत मासे बेताचेच धरलेत. बाकी जे चाललंय ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

अमेरिकेतल्या या मिनेसोटा राज्यात तळ्यांना तोटा नाही. दहा एकर आणि त्याहून मोठी 11,842 तळी सरकारने मोजून ठेवली आहेत. मे महिन्यात मी एक रॉड आणि रील आणलं, परवाना काढला, तीन-चार व्हिडिओ पाहिले आणि शहाण्यासारखी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. पहिल्याच फेकीत रीलवरच्या दोरीचा असा गुंता झाला की दोरी कुठून सुरू होते तेच कळेना. इथे त्याला 'पक्ष्याचं घरटं' म्हणतात. नाव चपखल आहे.

धक्क्याच्या टोकाला सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. इंग्रजीत अहो-जाहो नाही, त्यामुळे तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारते. पण मराठीत लिहिताना 'तो म्हणाला' असं हातून उतरत नाही. या पत्रात ते काका. तर हे काका वीस मिनिटं माझा गुंता सोडवणं बघत होते. एक शब्द नाही. मला वाटलं, आता रॉड कसा धरायचा ते सांगतील. शेवटी त्यांनी विचारलं, "वारा कुठून येतोय?"

मी मान वर करून बघितलं. वारा माझ्या पाठीवर होता. फेकायला सोपं जावं म्हणून मी बरोबर तीच बाजू निवडली होती. काका म्हणाले, "सगळे नवे लोक इथेच उभे राहतात." आणि सामान उचलून समोरच्या काठाला निघून गेले, जिथे लाटा येऊन आपटत होत्या. चल म्हणाले नाहीत, पण मी गेले.

वारा पाण्याचा वरचा थर एका काठाकडे लोटतो. त्याबरोबर सूक्ष्म जीव जातात, त्यांच्यामागे बोटाएवढे मासे आणि बोटाएवढ्यांमागे मोठे. शिवाय लाटांमुळे उजेड फुटतो, खाली कमी पोचतो. इथला सगळ्यांचा लाडका मासा वॉलआय. त्याच्या डोळ्यामागे मांजरासारखा उजेड परतवणारा थर असतो, म्हणून अंधुक पाण्यात त्याला इतरांपेक्षा चांगलं दिसतं. त्याची शिकार पहाटे, तिन्हीसांजेला किंवा अशा खळबळत्या पाण्यात चालते. थोडक्यात, फेकायला सोपा काठ आणि माशांचा काठ हे बहुतेक वेळा समोरासमोर असतात. त्या दिवशी वारा तोंडावर घेत फेकून फेकून खांदा भरून आला. मासा एकही नाही. पण पुढच्या शनिवारी मी आपसूक काकांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

त्यांची शिकवण्याची पद्धत तुम्हाला आवडली असती. उत्तर देत नाहीत, काम देतात. पहिलं काम गाठीचं. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवायची, साधी सैल गाठ मारायची, उरलेला फासा गळाच्या खालून वर घ्यायचा आणि ओढायचं. पालोमार म्हणतात तिला. एकदा दाखवली आणि म्हणाले, "घरी पन्नास वेळा मार, मग बोलू." मी मारल्या, पण तळ्यावर गाठ आवळली आणि काकांनी झटका देताच दोरी तुटली. मी कोरडी आवळली होती. नायलॉन कोरडं घासलं की तापतं आणि तिथेच कमजोर होतं. गाठ घट्ट करण्याआधी थुंकीने ओली करायची, बस्स. एवढीशी गोष्ट, पण पाहिलेल्या एकाही व्हिडिओत मला ती आढळली नव्हती. कदाचित कॅमेऱ्यासमोर थुंकायचा संकोच असेल.

दुसऱ्या आहेत बाई. निवृत्त शिक्षिका आहेत, त्यामुळे त्यांना मनातल्या मनात बाईच म्हणते. त्यांच्याकडे छोटी होडी आहे आणि होडीत एक थाळी. 20 सेंटिमीटर व्यासाची, एक भाग काळा, एक पांढरा अशी आलटून पालटून चार भागांत रंगवलेली. दोरीने ती पाण्यात सोडायची आणि कुठे दिसेनाशी होते ती खोली लिहून घ्यायची. आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने 1865 साली भूमध्य समुद्रात अशीच एक पांढरी थाळी सोडून पाण्याचा नितळपणा मोजला होता. इथे अनेक सामान्य लोक आपापल्या तळ्यावर उन्हाळाभर हे मोजतात आणि आकडे सरकारला कळवतात. बाई त्यातल्याच. मासेमारीशी याचा काय संबंध, मी विचारलं. नितळ पाण्यात उजेड खोलवर जातो, त्यामुळे पाणवनस्पतीही खोलवर उगवतात आणि जिथे त्या संपतात ती कड काठापासून लांब सरकते. मासे त्या कडेला दबा धरतात. थाळी कुठे बुडते यावरून बाई गळ कुठे टाकायचा ते ठरवतात.

काकांचं हत्यार त्याहून जुनं. एक वजनदार बाटली, आत थर्मामीटर आणि दर वावेला, म्हणजे सहा फुटांवर, गाठ मारलेली दोरी. बाटली हव्या त्या खोलीवर गेली की झटका देऊन बूच काढायचं, पाणी भरू द्यायचं आणि चटकन वर ओढायची. ऑगस्टमध्ये आम्ही बाईंच्या होडीतून मोजलं. चार वावांपर्यंत 22 अंश, जवळजवळ हलेना. पाचव्या वावेला 16. सहाव्या वावेला 11. बाबा, मला तो आकडा वाचून अंगावर काटा आला. वर ऊबदार हलकं पाणी, खाली गार जड पाणी आणि मध्ये अदृश्य सीमारेषा. त्या रेषेच्या खाली कुजणाऱ्या गाळाने प्राणवायू खाऊन टाकलेला असतो, वरून नवा येत नाही. म्हणजे तळ्याचा जवळपास निम्मा भाग उन्हाळ्यात माशांना निरुपयोगी. आणि मी जुलैभर सगळ्यात खोल जागेत गळ सोडून बसले होते! खोल पाण्यात मोठे मासे, अशी माझी भाबडी समजूत.

आता थंडी सुरू झाली की वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली जातं, वारा घुसळतो आणि एक दिवस अख्खं तळं वरपासून खालपर्यंत एकाच तापमानाचं होतं. गेल्या आठवड्यात ते झालं. पाणी गढूळ, तळाच्या कुजट वासाचं आणि मासे चहूकडे पांगलेले. काका म्हणाले, "घरी जा, रील साफ कर." पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं, हे मी शाळेत परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याच्यामुळेच बर्फ वर धरतो आणि मासे खाली जिवंत राहतात, हे डोळ्यांसमोर आलं ते इथे.

या दोघांचं आपसात मात्र जमत नाही. आमिष म्हणून बाईंचा भरवसा जळवेवर, काकांचा जिवंत छोट्या माशावर. बाईंच्या होडीवर सोनार आहे, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र. तो पडदा उघडला की काका पाठ फिरवून बसतात. म्हणतात, यंत्र मासा दाखवतं, तो खाणार आहे की नाही ते कुठे दाखवतं? मला सोनार चुकीचा वाटत नाही. बाईंनी त्याच पडद्यावर मला खडकाळ तळ आणि मऊ गाळ यातला फरक दाखवला, तो काकांनी शब्दांत सांगून मला जन्मात कळला नसता. पण हे मी काकांसमोर बोलत नाही.

एका बाबतीत मात्र दोघं एक. जागा सांगत नाहीत. जूनमध्ये मी सरळ विचारलं, "काल तुम्ही ते तीन वॉलआय कुठे धरले?" काका आकाशाकडे बघायला लागले आणि बाईंना एकदम दोरी गुंडाळायची आठवण झाली. मला राग आला होता. सगळं शिकवता आणि हे लपवता? पुढच्या आठवड्यात बाईंनी तळ्याच्या खोलीचा नकाशा हातात ठेवला. इथलं नैसर्गिक संपदा खातं असे नकाशे सगळ्यांसाठी खुले ठेवतं. "रेषा दाट आल्यात तिथे तळ एकदम उतरतो. पाण्यात घुसलेली जमिनीची जीभ शोध. वारा लाव. थाळी लाव. मग सांग, कुठे?" मी तीन ठिकाणी फुल्या मारल्या. दोघांनी नकाशा पाहिला आणि एकमेकांकडे बघितलं. त्यातली एक फुली कुणाच्या तरी गुपितावर पडली होती, एवढं मला कळलं. कोणाच्या आणि कोणती, ते अजून सांगितलेलं नाही.

त्याच फुल्यांपैकी एकीवर मला माझा सगळ्यात मोठा मासा लागला आणि गेला. रीलला ड्रॅग असतो. मासा जोरात ओढायला लागला की दोरी थोडी थोडी सुटू देणारा ब्रेक म्हणा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला तो सुटायला हवा. माझा घट्ट आवळलेला होता. रॉड वाकला, एकदा पाण्यावर सोनेरी पाठ दिसली आणि फट्. मला रडू यायचं बाकी होतं. काका शेजारीच होते, पण काही म्हणाले नाहीत. त्या दिवशी मला ते न बोलणं टोचलं. पुढच्या शनिवारी त्यांनी खिशातून स्प्रिंगचा वजनकाटा काढला, माझ्या दोरीला अडकवला आणि म्हणाले, "ओढ." त्या गेलेल्या माशाबद्दल आजतागायत अवाक्षर नाही.

एरवी गप्प राहणारे काका एकाच गोष्टीत कडक होतात, मासा परत सोडताना. हात आधी पाण्यात ओले करायचे, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत आणि कोरडा हात ते पुसून काढतो. पोटाखाली आधार द्यायचा, जबड्याला लोंबकळवायचं नाही. गळाचा उलटा काटा पक्कडने आधीच चेपून ठेवायचा. मासा वर काढला की आपण श्वास रोखायचा. आपल्याला गुदमरायला लागलं म्हणजे त्यालाही लागलं. आणि फार खोलातून वॉलआय काढायचाच नाही, सोडायचा असेल तर. वर येताना त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि ट्राउट माशासारखी तोंडावाटे ती हवा सोडायची सोय त्याच्याकडे नाही. सोडलेला मासा पोहत गेला म्हणून जगला असं समजू नकोस, असं बाईंनी सांगितलं तेव्हा मला आधी सोडलेल्या दोन माशांची आठवण झाली. त्या रात्री नीट झोप लागली नाही.

शिशाचं असंच. माझ्या डबीत शिशाची वजनं होती. काकांनी ती न विचारता स्वतःच्या खिशात ओतली आणि कथलाची दिली. इथे लून नावाचा पाणपक्षी आहे, राज्यपक्षीच. अन्न दळायला तो तळाचे खडे गिळतो, त्यात तुटून पडलेलं शिसं गेलं तर एका वजनानेही मरतो. रात्री त्याची हाक एकदा ऐकलीत तर तुम्हीही डबी रिकामी केली असती.

आईला सांगा, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या बर्फावर जायची घाई करणार नाही. निदान 4 इंच स्वच्छ, घट्ट बर्फ लागतो, पांढऱ्या भुसभुशीत बर्फावर तर तेवढ्यानेही भागत नाही. काका दर थोड्या पावलांवर भोक पाडून मोजतात. त्यांनी पाय टाकल्याशिवाय मी टाकणार नाही, हे कबूल.

आणि एक. काकांकडे वह्या आहेत, वर्षावर्षाच्या. तारीख, वारा, तापमान, आमिष, मासा. त्यांनी मला गेल्या वर्षाची वही वाचायला दिली. जागेच्या रकान्यात नुसती अक्षरं, त्यांनाच कळणारी. मीही जूनपासून वही ठेवते आणि मराठीतून लिहिते. परवा काकांनी ती सहज म्हणून उघडली, दोन-तीन पानं उलटली, देवनागरीकडे बराच वेळ बघितलं आणि हसून मिटवली.

पत्राच्या मागे नकाशा काढलाय. पूर्वेकडच्या जिभेजवळ फुली आहे ती नीट बघा, आणि कुणी कितीही विचारलं तरी सांगू नका.

तुमची,
धाकटी