ओला लॅपटॉप तांदळात ठेवू नका

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लॅपटॉपवर चहा किंवा पाणी सांडल्यास तो पुसून रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवावा आणि सकाळी सुरू करून पाहावा, असा सल्ला आपल्या रविवारच्या पुरवणीतील घरगुती युक्त्यांच्या सदरात छापून आला आहे. साताऱ्यात गेली 14 वर्षे लॅपटॉप दुरुस्तीचे काम करीत असल्यामुळे या सल्ल्याचे परिणाम माझ्या टेबलावर येतात, म्हणून हे पत्र.

मागच्याच महिन्यात अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने चहा सांडल्यानंतर चौथ्या दिवशी लॅपटॉप आणला. तळाचे झाकण उघडले, तर पंख्याच्या पात्यांत तांदळाची कणी अडकलेली आणि चार्जिंगच्या भागावर हिरवट थर चढलेला. एका आयसीचा, म्हणजे छोट्या चिपचा, धातूचा पाय तर पुरता झिजून गेला होता. "काका, दुसऱ्या दिवशी नीट सुरू झाला होता, तासभर प्रोजेक्टचं कामही केलं, मग एकदम बंद पडला," असे ती सांगत होती. त्या रात्रीने आणि त्या तासाभरानेच घात केला होता.

नुसते पाणी पडल्याने होत नाही तेवढे नुकसान ओल्या बोर्डातून, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या आतल्या पट्टीतून, वीज वाहिल्याने होते. नळाच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे जिथे जाऊ नये तिथे वीज जाते आणि तांबे झपाट्याने गंजू लागते. पडदा काळा झाला म्हणजे वीज थांबली असे नव्हे. बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डाच्या काही भागांत व्होल्टेज असतेच. म्हणजे डब्यात ठेवलेला लॅपटॉप रात्रभर वाळत नसतो, आतून गंजत असतो. बंद डब्यात हवा खेळत नाही, आणि ज्या दिवसांत आपल्याकडे मीठसुद्धा पाघळते त्या दिवसांत तांदूळ कसली ओल ओढणार? ॲपल कंपनीनेही आपल्या ग्राहकांना ओला आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकते, असेच बजावले आहे.

चहाचे दुखणे तर आणखी वेगळे आहे. पाणी उडून जाते. साखर आणि दूध जागच्या जागी राहतात. कीबोर्डच्या बटणांखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे एकावर एक असतात, त्यांच्यामध्ये शिरलेला चहा पुसून निघत नाही, आणि वरून कोरडी वाटणारी बटणे दमट हवेत पुन्हा चिकटू लागतात. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने, म्हणजे झटकन उडून जाणाऱ्या स्पिरिटने, धुऊन घ्यावा लागतो. कीबोर्ड मात्र बहुतेक वेळा बदलावाच लागतो.

म्हणून सांडल्याक्षणी आधी भिंतीवरचे बटण बंद करून चार्जर काढावा, पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरून लॅपटॉप पूर्ण बंद करावा, पेनड्राइव्ह, माऊस वगैरे काढून घ्यावे आणि कीबोर्डची बाजू खाली येईल अशा रीतीने तो तंबूसारखा उभा करून खाली जुना सुती पंचा अंथरावा. फाइल सेव्ह करण्याचा मोह टाळावा. हेअर ड्रायर फिरवू नये, त्याने बटणे वाकतात आणि ओल आणखी आत ढकलली जाते. ज्यांना स्क्रू काढण्याची सवय आहे त्यांनी बॅटरीची पिन सोडवावी. इतरांनी त्याच दिवशी कारागिराकडे जावे आणि काय सांडले ते खरे सांगावे. "आपोआप बंद पडला" असे सांगणारे पुष्कळ येतात, पण झाकण उघडताच चहातल्या आल्याचा वास येतो. शिवाय काही लॅपटॉपांत ओल लागताच लाल होणाऱ्या पांढऱ्या टिकल्या असतात, त्यामुळे वॉरंटीवाल्यांपुढेही हे लपत नाही. साध्या वॉरंटीत सांडासांडीचे नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते.

घराघरांत आपली पुरवणी कापून जपून ठेवली जाते. तेव्हा येत्या रविवारी त्याच सदरात दुरुस्ती छापावी आणि निदान "सकाळी सुरू करून पाहावा" एवढे वाक्य तरी मागे घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक लॅपटॉप दुरुस्ती कारागीर, सातारा