सांत्वन कसं करावं

महोदय,

भेटायला गेलं की आपल्या तोंडून आपसूक निघतं, ‘देवाची इच्छा, मन घट्ट करा.’ ज्याचं माणूस गेलंय त्याला ते ऐकवत नाही. ज्यू धर्मात जुना दंडक आहे: दुःखात असलेला स्वतः बोलेपर्यंत आलेल्याने गप्प बसायचं. बायबलमधल्या, मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसले, अवाक्षर न काढता. (पुढे बोलू लागले आणि त्याला दुखावून बसले.)

ठाण्यात आमच्या शेजारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, एक कुटुंब होतं. वडील गेले तेव्हा मुलाच्या अंगावर छातीशी फाडलेला सदरा होता, घरातले आरसे झाकलेले होते. दफनानंतरचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. त्यात उकडलेली अंडी. ‘देवावर राग आहे,’ असं तो उघड म्हणे, तरी रोज सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, जाऊन कद्दिश ही प्रार्थना म्हणे. आईवडिलांसाठी ती अकरा महिने म्हणतात. त्या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही, फक्त ईश्वराची थोरवी. आणि ती एकट्याने म्हणता येत नाही, परंपरेप्रमाणे दहा प्रौढ पुरुष लागतात. त्याची श्रद्धा परतली ती या दहा जणांमुळे, असं मला वाटतं. उपदेश कुणीच केला नव्हता.

1948 नंतर बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. कोकणातल्या गावांत आता दहा जण जमवणं कठीण. तिथे राहिलेल्यांनी कद्दिश कुणासोबत म्हणायची, याची मला फार काळजी वाटते.

– एक वाचक, ठाणे