तू की तुम्ही?

लाइपझिग, रविवार संध्याकाळ

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. तुझी मेल वाचून आधी हसलो, मग कपाळाला हात लावला. रशियन गेम जर्मनमध्ये न्यायचाय आणि तुझे साहेब म्हणतात, इंग्रजी तयार आहे, त्यावरूनच उरका! इंग्रजी-जर्मनवाले पायलीला पन्नास मिळतात, खरंय. पण मॉस्कोच्या 'पॅथॉलॉजिक'चं आठव. २००५ च्या त्या गेमचं इंग्रजी इतकं कच्चं होतं की २०१५ मध्ये नव्याने करावं लागलं. तसल्या इंग्रजीवरून जर्मन केलं तर काय उरेल?

आणि इंग्रजी चांगलं असलं तरी 'यू'चं काय करशील? रशियनमध्ये आपल्यासारखंच तू आणि तुम्ही वेगळं. जर्मनमध्येही 'डू' आणि 'झी'. मागे मी एक गेम तपासला. त्यात शिपाई म्हाताऱ्या डॉक्टरला अख्खा गेम 'तुम्ही' म्हणतो आणि मरताना एकदाच 'तू'. इंग्रजीवरून केलेल्या जर्मनमध्ये दोघं पहिल्या मिनिटापासून 'डू'! प्रसंगच मेला. 'मी आलो' की 'मी आले' हेही रशियन क्रियापद सांगतं, इंग्रजी गिळून टाकतं. मग जर्मन भाषांतरकार डॉक्टरीणबाईंना बिनदिक्कत बुवा करून टाकतो.

माणसं कुठे शोधायची? बीडीयू ही इथली भाषांतरकारांची संघटना. तिच्या यादीत भाषाजोडी टाकून नावं निघतात. पण त्यातले बरेच जण जन्मदाखले आणि कोर्टाचे कागद करणारे. म्हणून अनुभव विचारण्याआधी 'काय खेळता?' विचार. गेर्मर्सहाइमला माइन्त्स विद्यापीठाचा भाषांतर विभाग आहे, तिथे रशियन शिकवतात. तिथल्या मुलांना लिही. शिवाय नव्वदच्या दशकात कझाकस्तान-रशियातून इथे आलेल्या जर्मन वंशाच्या घरांतली मुलं: आजीशी रशियन, शाळेत जर्मन. शिव्या आणि टोमणे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाहीत.

चाचणी घे, पण पैसे देऊन. नुसतं नायकाचं भाषण देऊ नकोस, मेनूही दे. 'सेटिंग्ज'साठी रशियन 'नास्त्रोयकी' नऊ अक्षरांत बसतं, जर्मन 'आइनश्टेलुंगेन'ला तेरा लागतात. शब्द बटणाबाहेर गेला की सगळे भाषांतरकाराच्याच नावाने खडे फोडतात. 'अमुक गोळ्या उरल्या' असलं आकडा बदलणारं वाक्यही घाल. रशियनमध्ये एक, दोन आणि पाच गोळ्यांना तीन वेगळी रूपं लागतात, जर्मनमध्ये दोन. कोण गोंधळतं ते लगेच दिसेल.

माझ्या ओळखीच्या दोघी आहेत, त्यांना विचारतो. फाइल पाठवताना प्रत्येक संवादापुढे कोण कोणाशी बोलतंय ते मात्र लिहून घे.

काकूंना नमस्कार. आणि साहेबांना विचार, त्यांच्या गेममधली माणसं एकमेकांना काय म्हणतात, तू की तुम्ही?

तुझा,
नित्या